निवृत्त पुलावरून

शेजारच्या पुलावरून अठरा चाकांचा ट्रेलर चाललाय. त्याची घरघर एकदा सरळ कानावर येते आणि पुन्हा एकदा खालच्या दरीतून, कातळावर आपटून येते. म्हणून ट्रेलर पलीकडे दिसेनासा झाला तरी आवाज चालूच राहतो. मी उभी आहे तो पूल हललेलासुद्धा नाही. इथे चाकं येत नाहीत. १९९५ पासून हा पूल फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे.

एप्रिलची सकाळ आहे. अ‍ॅरिझोनाच्या उत्तर टोकाला, मार्बल कॅन्यन नावाच्या अरुंद दरीवर, कोलोरॅडो नदीच्या ४६७ फूट वर आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे आहोत. वारा सारखा वाहतोय आणि तो खालून वर येतोय. नदी हिरवी आहे, बाटलीच्या काचेसारखी हिरवी, आणि इतक्या उंचीवरून ती वाहताना दिसत नाही. बराच वेळ एकाच जागी नजर ठेवली की फेसाची एक पांढरी रेघ हळूच सरकलेली कळते.

“मामा, टोपी हातात घ्या, उडेल.”

“उडू दे. तू जरा बाजूला हो, मला खालचं बघू दे.”

मामांना नदी बघायची नाही. त्यांना पुलाची कमान बघायची आहे, आणि पुलावर उभं राहून त्याच पुलाची कमान दिसत नाही, म्हणून ते अस्वस्थ आहेत. मामा मनमाडचे. तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात पुलांचे गर्डर तयार होतात. १९०६ पासून होतायत. मामांची सगळी नोकरी त्या कारखान्यात गेली. फिनिक्सला माझ्याकडे आल्यावर ग्रँड कॅन्यन सगळ्यांना दाखवतात तसा त्यांनाही दाखवला, पण इथे यायचं त्यांनी स्वतः ठरवलं. फ्लॅगस्टाफला रात्रीचा मुक्काम करून पहाटे निघालो, नव्या पुलावरून गाडी पलीकडे आणली, पश्चिम टोकाला लावली, आणि आता जुन्या पुलावरून उलटे, पूर्वेकडे पायी चाललोय.

येताना एक गोष्ट नीट कळली. ही दरी लांबून दिसतच नाही. सपाट, फिकट तांबूस माळ, त्यावर खुरटी झुडपं, उत्तर-पश्चिमेला व्हर्मिलियन क्लिफ्सचे लालभडक कडे, पाठीमागे एको क्लिफ्सची रांग, आणि मधला रस्ता सरळसोट. वाटतं, असंच कड्यापर्यंत जाता येईल. मग एकदम जमीन संपते. सुरीने कापल्यासारखी फट, आणि तळाशी नदी. घोडा, खटारा, मोटार, काहीही घेऊन आलेल्या माणसाला इथे थांबावंच लागत होतं. दोन्ही काठांवरून खटारा पाण्यापर्यंत नेता येईल अशी शेकडो मैलांत एकच सोयीची जागा होती, इथून पाचेक मैल वरच्या अंगाला, पॅरिया नदी कोलोरॅडोला मिळते तिथे. तीच लीज फेरी. जॉन डी. ली या मॉर्मन माणसाने १८७३ मध्ये तिथे नाव सुरू केली. युटामधून अ‍ॅरिझोनात वस्तीला निघालेली कुटुंबं तिथून ओलांडायची आणि पुढे त्यांची मुलं लग्न करून सेंट जॉर्जच्या मंदिरात विधी करायला त्याच वाटेने परत यायची. नवविवाहितांच्या त्या खटाऱ्यांवरून वाटेला ‘हनिमून ट्रेल’ असं नाव पडलं. फेरीची नाव मात्र नदीच्या मर्जीवर चालायची. पूर आला की बंद, हवा बिघडली की बंद.

मोटारी आल्यावर हे चालेना. म्हणून १९२७ मध्ये या जागी पुलाचं काम सुरू झालं. आणि पूल अर्ध्यावर असतानाच, ७ जून १९२८ ला, लीज फेरीची नाव उलटली. तीन माणसं बुडाली. ती नाव पुन्हा कधी सुरू झाली नाही. पूल काही महिन्यांत होणारच होता. पण त्या काही महिन्यांत काय झालं ते मामांना सांगितल्यावर ते पहिल्यांदा नदीकडून मान वर करून माझ्याकडे बघतात. या काठावरचं सामान समोरच्या काठावर न्यायचं म्हणजे सुमारे ८०० मैलांचा वळसा. मधलं अंतर होतं ८०० फुटांच्या आसपास. समोर काम करणारा माणूस दिसतोय, हाक मारली तर वळून बघतोय, आणि त्याला एक पेटी पाठवायची तर कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंत जाऊन यायचं.

“दोन्हीकडून बांधत आणला असणार,” मामा म्हणतात.

तसंच झालंय. पोलाद रेल्वेने फ्लॅगस्टाफला उतरलं, तिथून सुमारे १३० मैल ट्रकने आलं. दोन्ही काठांच्या चुनखडीत कमानीच्या पायासाठी खाचा खोदल्या, आणि कमानीचे दोन अर्धे भाग आपापल्या काठावरून हवेत पुढे पुढे वाढवत नेले. खालून टेकू देणं शक्यच नव्हतं. टेकू चारशे-साडेचारशे फुटांचा लागला असता, तोही त्या नदीत. म्हणून प्रत्येक अर्धा भाग पाठीमागे कातळाला ताणून बांधलेला, आणि मध्ये दोघांची गाठ. कमान ६१६ फुटांची, तिचा उभार ९० फूट. जानेवारी १९२९ मध्ये वाहनं सुरू झाली. तेव्हा जगात इतका उंच पोलादी कमानपूल दुसरा नव्हता. जूनमध्ये रीतसर उद्घाटन झालं, त्याला या ओसाड माळावर हजारो लोक आले.

आम्ही परत थोडे मागे, पश्चिम काठावर येतो. इथून पुलाची कूस दिसते. मामा माझ्याकडून दुर्बीण घेतात आणि डोळ्याला लावतात ती बराच वेळ काढतच नाहीत.

“सगळं रिपिटांचं काम आहे. एक जोड वेल्डिंगचा नाही.”

ते दुर्बीण माझ्या हातात देतात आणि कुठे बघायचं ते सांगतात. कमानीच्या खालच्या पट्टीवर, उभा खांब आणि तिरकी पट्टी जिथे एकत्र येतात तिथे पोलादाचा जाड चौकोनी पत्रा आहे. त्यावर गोल डोक्यांच्या रांगा. एक रांग, तिच्या खाली सरकवून दुसरी, मग तिसरी. प्रत्येक डोक्याच्या वरच्या अर्ध्या भागावर ऊन आणि खालच्या अर्ध्यावर सावली. मी मोजायला लागते आणि एका पत्र्यावरच नजर चुकते.

“एक रिपीट मारायला चार माणसं,” मामा सांगतात. “एक भट्टीपाशी. रिपीट लाल झाली की तो सांडशीत धरून फेकणार. दुसरा डब्यात झेलून भोकात घालणार. तिसरा मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, दाबून धरणार, आणि चौथा पुढून हातोडा चालवणार. थंड व्हायच्या आत डोकं बसलं पाहिजे. थंड होताना ती आकसते आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळते. ताकद तिथे असते. आमच्याकडे जमिनीवर, शेडमध्ये करताना घाम फुटायचा. यांनी हे कुठे केलंय बघ.”

मी त्यांना सांगते की काम चालू असताना खाली जाळी लावलेली नव्हती. लाल रिपीट निसटून पडली तर जाळी पेटेल, अशी तेव्हाची भीती. मामा काही बोलत नाहीत. दुर्बीण परत मागतात आणि पत्र्यांवरून पुढे पुढे, कमानीच्या माथ्यापर्यंत नेतात.

मला वाटतं, इंजिनियरांची नावं पाटीवर राहतात आणि तारखा पुस्तकात राहतात, पण या चौघांचं काम असं दुर्बिणीतून एका निवृत्त कामगाराने वाचायला हवं. मी याआधी हा पूल पाहिला होता तो सुंदर म्हणून. आज तो मला हातांनी केलेला दिसतोय.

पुन्हा पुलावर. आता मधोमध. रस्त्याची रुंदी १८ फूट. समोरासमोरून दोन एसट्या आल्या तर ड्रायव्हरांना आरसे मिटून घ्यावे लागतील एवढी. १९२९ च्या मोटारींना ती पुरली. पुढे ट्रक रुंद झाले, वजनं वाढली, पर्यटक वाढले, आणि १९८०–९० पर्यंत स्पष्ट झालं की हा पूल हे ओझं फार काळ वाहू शकणार नाही. नवा पूल याच्या शेजारीच बांधला: लांबी ९०९ फूट, रस्ता ४४ फूट रुंद, उंची जवळपास तेवढीच, आणि कमानही त्याच घडणीची, उभारसुद्धा तोच ९० फूट. जुन्याची शोभा जाऊ नये इतका विचार त्यात दिसतो. मधोमध उभं राहून नव्याकडे पाहिलं की आपण कशावर उभे आहोत ते समजतं. जुन्या पुलाला जे स्वतःचं दिसत नाही ते शेजाऱ्यात दिसतं. मामांची अडचण खरं तर इथे सुटलेली आहे, पण ते मानायला तयार नाहीत. “तो बोल्टांचा आहे,” एवढंच म्हणतात.

जुना पूल तोडता आला असता. भंगाराला किंमत होतीच. चोवीस लाख पौंड पोलाद आहे यात. तो ठेवला, वाहनं बंद केली, आणि माणसांना दिला. सहासष्ट वर्षं या पुलावरून गेलेल्यांनी नदी पाहिली असेल ती गाडीच्या खिडकीतून, क्षणभर, मागच्याचा हॉर्न वाजायच्या आत. आता एक बाई बाबागाडी घेऊन मधोमध उभी आहे. दोन पोरं कठड्याच्या गजांमधून खाली बघतायत आणि त्यांचा बाप दोघांच्या शर्टांच्या मागच्या कडा मुठीत धरून उभा आहे. एक म्हातारं जोडपं जमिनीवर बसकण मारून, पाय पसरून, फ्लास्कमधला चहा की कॉफी पितंय, हायवेच्या मध्यभागी. हे सगळं पाहताना मला फार बरं वाटतंय, आणि त्याच वेळी दुसरी एक गोष्ट मनात येतेय. मामांच्याही मनात तीच असणार, कारण ते एकदम म्हणतात,

“सावित्रीचा असा वेळेवर मोकळा केला असता तर.”

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई–गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्रीला पूर आला होता. ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल त्या अंधारात वाहून गेला, आणि त्याच्यावरून जाणाऱ्या जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसट्या आणि इतर गाड्या नदीत गेल्या. शेजारी नवा पूल होता. तो उभा राहिला. दोन पूल शेजारी शेजारी, एक जुना आणि एक नवा, अगदी इथल्यासारखे. फरक एवढाच की तिथे जुन्याला कामावरून उतरवलं नव्हतं. महामार्गाचा अर्धा भार तो शेवटच्या रात्रीपर्यंत वाहत होता. आमच्या घरातले लोक त्या आठवड्यात टीव्हीसमोरून हलले नव्हते. राजापूरकडची ओळखीची माणसं त्या रस्त्याने रोज येत-जात असतात.

“दर पावसाआधी आणि पावसानंतर कोणीतरी खाली उतरायला पाहिजे,” मामा म्हणतात. त्यांचा आवाज आता वर चढलाय. “पायाशी वाळू वाहून खड्डा पडलाय का, दगड सुटलाय का, सांध्यात झाड उगवलंय का. झाडाची मुळं चुना फोडतात. गाडीत बसून वरून गेलं की पूल ठीकच दिसतो. पडायच्या आदल्या दिवशीसुद्धा ठीकच दिसतो.”

आणि वाहनं बंद केली म्हणजे काम झालं, असंही नाही. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल जून २०२५ मध्ये पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार जण गेले. तो धोक्याचा आहे हे लोकांना माहीत होतं. पावसाळी रविवार होता आणि पाणी बघायला सगळे पुलावरच उभे होते, जसे आम्ही आत्ता इथे उभे आहोत. जुना पूल माणसांना द्यायचा तर तो सांभाळून द्यावा लागतो: रंग द्यावा लागतो, गंज खरवडावा लागतो, कठडा पुरेसा उंच आहे का ते बघावं लागतं, एका वेळी किती माणसं मावतील ते ठरवावं लागतं. आपल्याकडे महाराष्ट्रात असे कितीतरी पूल आहेत, दगडी कमानींचे, देखणे, ज्यांच्या शेजारी नवे झालेत किंवा होतायत. त्यांना भारातून सोडवून, दुरुस्त करून, लोकांना संध्याकाळी फिरायला दिले तर गावोगाव नदीकडे बघायची एक जागा तयार होईल. मला हे मनापासून हवंय. आपल्या नद्यांकडे आपण पुलावरून जाताना नाणं टाकण्यापुरतंच बघतो.

“ते बघ,” मामा माझा दंड धरतात. “त्या खांबाच्या मागे. काय आहे ते?”

नव्या पुलाच्या खाली, रस्त्याच्या तळाशी, आडव्या पोलादावर एक मोठा काळा आकार आहे. मग त्याची मान वळते. डोकं उघडं, पिसांविना, नारिंगी-गुलाबी. पंखावर आकड्याचा बिल्ला. कॅलिफोर्निया कॉन्डर आहे हा. पुलावरचे सगळे लोक हळूहळू या बाजूच्या कठड्याला जमा होतात. बाबागाडीवाली बाई माझ्याकडे दुर्बीण मागते. मी देते, ती पोरांना देते, पोरांकडून दुर्बीण फ्लास्कवाल्या आजोबांकडे जाते.

१९८२ मध्ये जगात हे पक्षी फक्त २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचासुद्धा पकडून पिंजऱ्यात आणला, आणि काही वर्षं आकाशात एकही नव्हता. बंदिवासात पिल्लं वाढवली. इथे, समोरच्या व्हर्मिलियन क्लिफ्सवरून, डिसेंबर १९९६ मध्ये सहा सोडले. आज बिल्ल्यावरचा आकडा पाहून कोण कुठला, कधी जन्मलेला, हे ओळखणारे लोक आहेत. पण धोका सरलेला नाही. शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणाच्या टाकलेल्या आतड्यांत बंदुकीच्या गोळीचे शिशाचे कण राहतात. कॉन्डर ते खातो, आणि शिसं त्याच्या पोटाचं काम बंद पाडतं. राज्याचं वन्यजीव खातं शिकाऱ्यांना शिसं नसलेल्या गोळ्या फुकट देतं आणि बरेच शिकारी त्या वापरतात. तरी दरवर्षी पक्षी पकडून त्यांचं रक्त तपासावं लागतं. २०२३ मध्ये बर्ड फ्लूने या थव्यातले २१ गेले.

मामांना मी डायक्लोफिनॅकची आठवण करून देते. जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं ते औषध मेलेल्या गुरात राहायचं आणि ते खाणारी आपली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. काही वर्षांत लाखोंच्या संख्येने गेली, मग २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मामा म्हणतात, मनमाडला रुळांच्या कडेला गुरं मेली की झाडं गिधाडांनी भरलेली असायची, ती कधी दिसेनाशी झाली ते आठवतसुद्धा नाही. मी त्यांना म्हसळ्याजवळच्या चिरगावचं सांगते, तिथल्या लोकांनी आपल्या रानातली घरटी कशी जपली ते. “मग इथल्यासारखेच की,” मामा म्हणतात आणि दुर्बीण परत कोणाकडे आहे ते शोधायला लागतात.

कॉन्डर पंख उघडतो. उडत नाही, नुसते उघडून, उन्हाला लावून बसतो. साडेनऊ फूट असतात ते पंख, टोकापासून टोकापर्यंत. पंखांखालचा पांढरा पट्टा दिसतो. कोणीतरी टाळ्या वाजवतं आणि कोणीतरी त्याला गप्प करतं.

पूर्व टोकाला पोचतो तेव्हा घड्याळ चुकतं. पश्चिम काठावर साडेनऊ वाजले होते. इथे, चालायला काही मिनिटं लागली असतील, तर दुकान मांडलेल्या बाईच्या हातावर साडेदहा वाजून गेलेत. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नावाहो नेशन करतं. पुलाच्या या टोकापासून नावाहोंची जमीन सुरू होते, म्हणून मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत पुलाच्या दोन टोकांमध्ये एक तासाचं अंतर असतं. पूल आधी ‘ग्रँड कॅन्यन पूल’ होता. १९३४ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळाने त्याचं नाव ‘नावाहो पूल’ केलं. नावाहो लोक स्वतःला दिने म्हणवतात.

लाकडी मांडवाखाली टेबलं आहेत. चांदीच्या अंगठ्या, फिरोज्याचे डूल, विणलेल्या छोट्या चटया. बाई साठीच्या आहेत, अंगात मखमली ब्लाउज, समोर पाण्याची बाटली आणि रेडिओ. मी एक माळ उचलते. तपकिरी, चकचकीत नसलेले, लांबट मणी, आणि मधून मधून निळे काचेचे.

“हे बी आहे,” त्या इंग्रजीत सांगतात. “ज्युनिपरचं. आम्ही झाडावरून काढत नाही. मुंग्या फळं बिळाशी नेतात, एका टोकाने कुरतडून आतला गर खातात आणि बी टाकून देतात. ती आम्ही वेचतो. एक भोक मुंगीने आधीच पाडलेलं असतं. दुसरं मी सुईने पाडते.”

त्या एक सुटा मणी माझ्या तळव्यावर ठेवतात. बोटाच्या नखापेक्षा लहान. एका टोकाला कडा फाटक्या, किंचित वेड्यावाकड्या. तिथे मुंगीचे दात लागलेत. दुसऱ्या टोकाला भोक बारीक आणि गोल, ते सुईचं. मी तो उन्हात धरते तेव्हा आरपार उजेड दिसतो.

“लहान मुलांच्या हाताला बांधतो. वाईट स्वप्नं पडत नाहीत. लांबच्या प्रवासाला निघालेल्यांनाही देतो.”

मी मामांसाठी एक माळ घेते. मामा गळ्यात घालत नाहीत. मनगटाला दोन वेढे देतात, मग त्यांना काही आठवतं. “विचार त्यांना, पूल बंद झाला तेव्हा काय वाटलं होतं.”

मी विचारते. बाई हसतात. “बंद झाला कुठे? माझी आई या टोकाला टेबल लावायची तेव्हा गाड्या न थांबता जायच्या. थांबायला जागाच नव्हती. आता बघा, तुम्ही चालत आलात.”

हे मी मामांना सांगते आणि मामा मान डोलावतात, जोरात, पुन्हा पुन्हा. रस्ता आपल्या दारावरून जातो पण आपल्याकडे बघत नाही, हा अनुभव मनमाडच्या स्टेशनालगत राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही.

तेवढ्यात पुलावरून आरडाओरडा ऐकू येतो. पोरं हात हलवतायत. आम्ही लगबगीने परत मधोमध जातो. नदीच्या वरच्या वळणावर पिवळे ठिपके दिसतात, एक, मग तीन, मग आणखी. राफ्ट आहेत. लीज फेरीहून सकाळी सुटलेल्या. इथून पुढे या लोकांना दिवसेंदिवस रस्ता दिसणार नाही. हे दोन पूल संपले की खाली हूवर धरणापर्यंत मोटारीला नदी ओलांडायची सोय नाही. पाणी बर्फासारखं गार असतं, कारण ते वरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोल भागातून सोडलेलं असतं. १९६३ मध्ये ते धरण अडवलं त्याआधी ही नदी गाळाने लालसर, गढूळ वाहायची. गाळ आता मागे जलाशयात बसतो. या पुलाच्या जन्माच्या वेळी, खाली जाळी न लावता काम करणाऱ्यांनी जी नदी पाहिली ती लाल होती.

राफ्ट पुलाखाली येतात. वल्ह्यांचा आवाज वरपर्यंत येत नाही, पण हसण्याचा येतो. दरी तो उचलून आणते. माणसं माना पाठीमागे टाकून वर बघतायत. त्यांना कमान दिसत असणार, पोट, पट्ट्या, पत्रे, रिपिटांच्या रांगा, सगळं. मामांना जे सकाळपासून नीट बघायचं होतं ते.

“ओऽऽ!” मामा कठड्यावरून ओरडतात, पुलावरच्या सगळ्या लोकांना दचकवून. “ओऽऽ! वर बघा! पूल बघा!”

मराठीत. खालून चारपाच वल्ही उभी होतात आणि एकच मोठी आरोळी येते. पोरं त्यांच्यासारखंच ‘ओऽऽ’ करायला लागतात. बाबागाडीवाल्या बाईलाही हसू आवरत नाही.

राफ्ट नव्या पुलाच्या सावलीतून पुढे जातात आणि वळणावर एकेक करून दिसेनाशा होतात. मामा दुर्बीण गळ्यात अडकवतात, टोपी घालतात.

“ती नाव सुटायची तो घाट इथून किती लांब?”

“पाच-सहा मैल. गाडीने वेळ लागणार नाही.”

“मग चल. दोरखंड कुठे बांधायचे ते बघू. आणि मोटार कशी चढवायचे नावेवर, तेही कळेल. जेवण त्यानंतर.”

ते पुढे निघालेलेच आहेत, पुलाच्या अगदी मधून, आणि चालता चालता कठड्याच्या प्रत्येक खांबावर हात ठेवून बघतायत.